किती खांद्यांवर दवाखाना?

मंडळी, ऐका! आज प्रश्न एकच — अंतर मोजायचं कुठून? देव जवळ की लांब, ते नंतर बघू. आधी दवाखाना बघू!

घाटमाथ्यावर तीन वाड्या — कोंडवाडी, जांभूळटेप, उंबरमाळ. तिघींत मिळून एक दवाखाना मंजूर झाला. जागा ठरवायला गोडांबे साहेब आले. हुशार माणूस! नकाशा पसरला, पट्टी लावली, तिन्ही वाड्यांपासून सारख्या अंतरावर टिंब काढलं. "हा घ्या न्याय!"

टिंब पडलं कुठं? धरणात! हसू नका, साहेब हसले नव्हते. "सगळ्यांना सारखंच लांब आहे ना?" आहे की! सगळ्यांनी सारखंच बुडायचं!

तेवढ्यात कोंडवाडीची सुईण ठकूबाई पुढं आली. घरात सून सात महिन्यांची गरोदर. आदल्या वर्षी उंबरमाळची एक पोर बाळंतपणाला नेताना वाटेतच गेली — ठकूबाईच्या हातांत. ती म्हणाली, "साहेब, आमच्याकडं पट्टी नाही. झोळी आहे."

तिकडं आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालतात, झोळी बांबूला बांधतात. दोघं उचलतात, दमले की दुसरे दोघं खांदा देतात. अशी एक पाळी म्हणजे एक खांदा. म्हणून वाट विचारली की उत्तर येतं — सहा खांदे, दहा खांदे!

"मग मोजा," साहेब म्हणाले.

"मोजते. पण रिकामी झोळी मोजून काय कळणार? बसा!"

मंडळी, साहेब बसले! वजन पंच्याण्णव किलो, फाईल वेगळी. उंबरमाळहून निघाले कोंडवाडीला. नकाशावर चार बोटं! चढ आला — साहेब आडवे. ओढा आला — साहेब ओले. बाराव्या खांद्याला आतून आवाज, "आजी, अजून किती?"

"अडलेली बाईही हेच विचारते. निजा!"

एकोणीस खांदे भरले. साहेब उतरले ते थेट ठकूबाईच्या अंगणात. "आजी, इथंच बांधू. वस्तीही इथलीच मोठी, कागदावर बसतं. सुनेचीही सोय होईल."

काय म्हणाला असता तुम्ही? मी तर म्हणालो असतो — चहा घ्या, पाया खणतो!

ठकूबाईनं सुनेकडं पाहिलं. मग म्हणाली, "आम्हाला शून्य आणि उंबरमाळला एकोणीस? वाटेतल्या खिंडीत बांधा. तिथून जांभूळटेप आठ, उंबरमाळ दहा."

सून म्हणाली, "आत्याबाई, आणि आपल्याला?"

"नऊ."

"नऊ!"

"साहेब एकोणीस आले गं. तू नऊ येशील!"

दोन महिन्यांत खिंडीत पत्र्याचा दवाखाना उभा राहिला. इतक्या लवकर कसा? साहेबांचं अंग अजून दुखत होतं!

सुनेचे दिवस भरले. भर पावसात, नऊ खांद्यांवरून ती पोचली. आणि त्याच घटकेला उंबरमाळची एक झोळी दारात! दोघी कण्हतायत, नर्सबाई एकटी. ठकूबाई आधी कुणाकडं धावली?

उंबरमाळवालीकडं! म्हणाली, "ही एक खांदा जास्त आलीय."

दोघी सुटल्या, मंडळी. दोन्ही बाळं रडली — ठणठणीत!

आपण सगळे आपल्या उंबरठ्यापासून मोजतो. ठकूबाईनं शेवटच्या घरापासून मोजलं. उद्या तुमच्या गावात नळ येईल, शाळा येईल. नकाशावर बोट ठेवण्याआधी एकदा झोळीत बसा!

आणि उद्या कशाला? पुढं मांडी घालून बसलेले, जरा सरका. मागं खांबाशी एक आजी मघापासून उभी आहे. तिला इथवर येऊ द्या. मग घेऊ देवाचं नाव!