देवाच्या कामाच्या गोळ्या

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांच्या ज्वारीच्या रानावर ही शाळा उभी आहे ते आदरणीय आप्पासाहेब. व्यासपीठावरील मुख्याध्यापक रणजितसर. पहिल्या रांगेत बसलेल्या आप्पासाहेबांच्या पत्नी, सोजरबाई वहिनी. येरवड्याहून नगर रस्त्याच्या गर्दीतून वाट काढत आलेल्या डॉक्टर फरहत. माझे आजी-माजी सहकारी, पालक, खिडकीच्या गजांना लोंबकळणारे विद्यार्थी (खाली उतरा रे, पडाल). आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती आमची विज्ञानाची शिक्षिका, आप्पासाहेबांची सून, संस्कृती. आपणा सर्वांना या उत्तरेश्वर गुरुजींचा नमस्कार.

रणजितसरांनी मघाशी कानात सांगितलं, "गुरुजी, थोडक्यात. आणि कविता नको." कविता म्हणणार नाही, सर. आयुष्यभर म्हणत आलो, आज एक दिवस राहू द्या. थोडक्यात होईल की नाही, ते मात्र सांगता येत नाही.

हे सभागृह आहे तिथे पूर्वी एक बाभूळ होती. तिच्या सावलीत चौथीचा वर्ग भरायचा. मी एक ओळ म्हणायचो, पोरं मागून म्हणायची, आणि पलीकडच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणारे गडीसुद्धा गोफण थांबवून आमच्यात सूर मिसळायचे. वाघोलीच्या कितीतरी शेतकऱ्यांना अशा कविता पाठ होत्या ज्या त्यांनी कधी वाचल्याच नव्हत्या. आता त्या रानात बारा मजली इमारती आहेत आणि दिवसभर पाण्याचे टँकर येतात. टँकरचा हॉर्न अजून तरी कुठल्या वृत्तात बसलेला नाही. असो. म्हाताऱ्याच्या हातात माईक दिला की तो आधी बाभळीखाली जाऊन बसतो, तेवढं सहन करा.

संस्कृती या गावात सून म्हणून आली आणि त्याच जूनमध्ये शाळेत शिक्षिका म्हणून आली. हृदय कसं चालतं ते तिने सायकलच्या पंपाने शिकवलं. दर शुक्रवारी मी आठवी 'ब'ला हौसेने कवितेचा तास घ्यायला येतो, तो तिच्या तासानंतर असतो. एकदा फळा पुसता पुसता म्हणाली, "सर, तुमच्या तासाला हृदय फुटतं. माझ्या तासाला ते नुसतं आकुंचन पावतं." पोरं हसली, मीही हसलो. अशी आमची ओळख.

आणि एका शुक्रवारी तिने दारातच मला अडवलं. "सर, आज आईची कविता आहे ना? मी अशीच निघते." एरवी ती शेवटच्या बाकावर बसून ऐकायची. माझ्या लक्षात आलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत आईवर किती कविता आहेत, कधी मोजल्यात? वर्गात त्या ऐकणाऱ्या बाईला काय होत असेल, हे कुठल्या कवितेत आहे?

आजच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलं आहे, 'कौटुंबिक कारणास्तव सेवेतून मुक्त होत आहेत.' काल संध्याकाळी संस्कृतीचा फोन आला. "सर, तुम्ही बोलणार आहात ना? मग खरं कारण सांगा. स्टाफरूममध्ये, भाजीच्या गाडीवर, सगळीकडे तेच चाललंय. कुजबुजीपेक्षा माईक बरा."

मी म्हटलं, "आणि घरचे?"

"घरी सांगितलंय, सर बोलणार आहेत म्हणून. आप्पा म्हणाले, बोलू द्या, गुरुजी एक कविता म्हणतील आणि खाली बसतील."

आप्पासाहेब, आपला अंदाज सहसा चुकत नाही. आज थोडा चुकला, राग मानू नका.

मुलं बसली आहेत, त्यांच्यासमोर हे बोलावं का, असा चेहरा काहींनी केलेला दिसतो आहे. मुलांना त्यांच्या पुस्तकात पाळीचा, शरीराचा हा धडा आहे. अडचण आपल्याला होते. आणि डॉक्टर, आपण एक शब्दही बोलू नका. रुग्णाचं गुपित आपण सांगणार नाही हे मला ठाऊक आहे. इथे रुग्णानेच मला सांगायला लावलं आहे. फक्त माझं काही चुकलं तर मान हलवा.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. आपल्या शरीरात मेंदूकडून बीजकोशाकडे आणि तिकडून परत असे सांगावे फिरत असतात, रक्तातून. त्यांना हार्मोन म्हणतात. काही सांगावे पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाचायचे, आणि एक पुढची पाळी यायच्या साधारण आठवडाभर आधी. त्यावरून कळतं, त्या महिन्यात अंडं बाहेर पडलं की नाही. बरोबर आहे ना, डॉक्टर? मान हलली नाही, म्हणजे बरोबर.

आता मला जे छळतं ते सांगतो. रक्त न्यायला प्रयोगशाळेचा माणूस मोटारसायकलवरून घरी यायचा. पाळी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी. ती मोटारसायकल फाटकाशी लागली की शेजारच्या गच्चीवरून आवाज, "आली वाटतं गाडी. म्हंजी ह्या महिन्यातबी न्हाई." विचार करा. बाईच्या शरीराची सर्वांत खासगी बातमी, आणि तिची दवंडी एका मोटारसायकलने पिटायची! त्या माणसाने बिचाऱ्याने पुढच्या वेळी गाडी लांब लावली. तर गच्चीवरून, "आज गाडी कोपऱ्यावर लावली जनू."

त्यातला एक सांगावा मनावर ताण आला की वाढतो म्हणे. म्हणून रक्त काढण्याआधी शांत बसायला सांगायचे. संस्कृती खुर्चीत शांत बसायची आणि सोजरबाई वहिनी समोर उभ्या राहून म्हणायच्या, "टेन्शन घेऊ नको हां. आजाबात घेऊ नको. घेतलंस का?" वहिनी, हसताय ना, हसा. तुमचं हसू बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

मग पितृपक्ष आला. घरात थोरल्या सासऱ्यांचं पान वाढायचं, सैपाक सुनेने करायचा. पाठोपाठ घट बसणार. या वर्षी देवीला नातवाचं मागणं घातलेलं, म्हणजे सुनेने रोज माळ घालायला हवी. मध्ये पाळी आली तर? तर काय, आपल्या घराघरात होतं तेच झालं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आल्या. एरवी चार दिवस आधी घेतात, पण वहिनींनी खबरदारी म्हणून पितरांच्या आधीपासून सुरू केल्या त्या दसऱ्यापर्यंत. आणि अंडं पाहण्याची तपासणी नेमकी त्याच दिवसांत आली.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "आणखी काही औषधं चालू आहेत का?" संस्कृती म्हणाली, "नाही." शेजारी बसलेल्या वहिनीही म्हणाल्या, "न्हाई वो, कायबी न्हाई." दोघींपैकी कुणीही खोटं बोललं नाही. त्या गोळ्यांना आपल्याकडे औषध म्हणतं कोण? त्या देवाच्या कामाच्या. देव्हाऱ्याच्या फळीवर, कापूर आणि काडेपेटीच्या शेजारी त्यांचं पाकीट असतं.

निष्कर्ष आला. अंडं बाहेर पडलेलं दिसत नाही. डॉक्टर म्हणाल्या, एका महिन्यावरून काही ठरत नाही, पुन्हा पाहू. पण घराने तेवढ्यावर ठरवून टाकलं. दोष सुनेत. का? तर दिवसभर उभी राहते, चार जिने चढते-उतरते, पोरांमागे डोकं शिणवते. आप्पासाहेब मला म्हणाले होते, "शाळा काय, दुसरी बाई मिळंल गुरुजी. वंशाचं बघायला पायजे." आणि संस्कृतीने राजीनामा लिहून दिला.

यानंतरच्या शुक्रवारी मी आठवी 'ब'च्या दाराशी उभा होतो, माझ्या तासाची वाट पाहत. ती किशोरवयाचा धडा शिकवत होती. फळ्यावर चित्र काढलेलं. म्हणत होती, "हे हार्मोन बाहेरून दिलं, तर शरीराला वाटतं, अंडं येऊन गेलेलं आहे. मग ते नवीन अंडं..." आणि खडू थांबला. पोरींना वाटलं, मॅडम शब्द आठवताहेत. मला दारातून तिची पाठ दिसत होती. पाठमोरं माणूस इतकं बोलतं हे मला कुठल्या कवीने सांगितलं नव्हतं.

तास संपल्यावर जिन्यावर बसली. "सर, मी दर वर्षी हे शिकवते. दर वर्षी! आणि स्वतः रोज सकाळी देवाला हळद-कुंकू वाहून ती गोळी गिळत होते."

घरी जाऊन तिने वहिनींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघी येरवड्याला गेल्या. वहिनी डॉक्टरांसमोर रडल्या. "बाई, मीच दिल्या. लेकरासाठी देवी बसवली आन लेकराचीच वाट आडवली का वो मी?" डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, वाट अडलेली नाही. रक्ताने त्या महिन्यात आपल्याला गोळ्यांचं उत्तर दिलं, तिचं नाही. आता काहीही घेऊ नका, पाळी आपली आपण येऊ द्या, मग तिच्या रक्ताला पुन्हा विचारू."

तसं केलं. मोटारसायकल पुन्हा आली, गच्ची पुन्हा बोलली. निष्कर्ष आला. अंडं वेळेवर बाहेर पडतं आहे.

टाळ्या वाजवू नका. थांबा. याचा अर्थ पाळणा हलला असा नाही. डॉक्टरांनी तेही सांगितलं, आणि पुढची तपासणी सांगितली. तिच्या नवऱ्याची, ऋषीची.

तिथपासून त्या घरात कुणी कुणाशी नीट बोललेलं नाही.

"त्याला काय धाड भरलीय? सिमेंटचं पोतं एका हातानं उचलतो." हे आप्पासाहेबांचं वाक्य. आप्पासाहेब, पोतं उचलण्याबद्दल कुणालाच शंका नाही. शंका दुसरी आहे, आणि तीही शंकाच. तिला उत्तर आहे, ते अर्ध्या दिवसात मिळतं. ते मिळू नये म्हणून मात्र एक शिक्षिका घरी बसवायची?

मी संस्कृतीला विचारलं, "कारणच उरलं नाही, मग राजीनामा मागे का घेत नाहीस?" ती म्हणाली, "सर, घरी रोज ऋषीच्या तपासणीवरूनही भांडायचं आणि शाळेवरूनही, एवढं बळ नाही. एक सोडते. शाळा सोडली की निदान जेवताना शांतता राहील." एवढं बोलून ती वह्या तपासायला लागली. तिच्याइतक्या हसऱ्या मुलीच्या तोंडून इतकं थंड वाक्य मी ऐकलं नव्हतं. तेव्हापासून माझी झोप नीट नाही. एका फळ्यासमोर उभं राहिल्यामुळे तिला आपल्या शरीराचं खरं कळलं. आपण आज शाल देऊन तो फळाच काढून घेतो आहोत.

ऋषी, तू मागच्या खांबाशी उभा आहेस, मला दिसतो आहेस. चष्मा आहे, आंधळा झालेलो नाही. बाभळीखाली कविता पाठ नसली की तू मातीकडे बघायचास. आत्ताही खालीच बघतो आहेस. मी तुला कधी छडी मारली नाही, आज शब्दाने मारायचीही इच्छा नाही. तुला भीती वाटते, हे कळतं मला. कुणालाही वाटेल. पण ती बाई कितीतरी सकाळी त्या खुर्चीत बसून, बाही वर करून, हात पुढे करत आली, आणि गच्चीवरून सगळं गाव बघत होतं. तुझ्यासाठी तर मोटारसायकलही यायची नाही. तू आपल्या गाडीने जाशील, कुणाला कळणार नाही. एकदा जाऊन ये. उत्तर काहीही आलं तरी ते तुम्हा दोघांचं असेल. आज ते एकटीचं आहे.

आप्पासाहेब, राजीनामा अजून आपल्या टेबलावर आहे, सही व्हायची आहे, असं रणजितसर म्हणाले. सर, घाम पुसू नका, मी तुमचं नाव घेतलं नसतं तरी त्यांना कळलंच असतं. आप्पासाहेब, ज्या दिवशी तुम्ही ज्वारीचं रान शाळेला दिलंत, त्या दिवशी गावाने वेड्यात काढलं होतं. आठवतं? तुम्ही म्हणाला होता, "पीक काय, दर साल येतं. पोरं शिकू द्या." त्या माणसाशी मी बोलतो आहे. तो अजून त्या खुर्चीत आहे, असं समजून बोलतो आहे.

ही शाल आणि श्रीफळ माझ्या हस्ते देण्याचं ठरलं आहे. ते मी घडी न मोडता इथे टेबलावर ठेवतो. देणार नाही असं म्हणत नाही. आज देत नाही, एवढंच. सोमवारी पहिला तास आठवी 'ब'चा आहे, विज्ञानाचा. येताना स्टाफरूममधलं वेळापत्रक पाहून आलो, तिथे अजून संस्कृतीचंच नाव आहे. ते खोडायचं की नाही, हे या सभेने ठरवायचं नाही, मी तर नाहीच नाही. ते त्या घराने, आणि त्यातही तिने ठरवायचं. पण जेवणातल्या शांततेच्या मोबदल्यात तिने ते ठरवू नये, एवढीच या म्हाताऱ्याची विनवणी.

मला बोलू दिलंत त्याबद्दल संस्थेचा, आणि ज्यांना हे ऐकताना त्रास झाला तरी जे उठून गेले नाहीत त्या सर्वांचा मी आभारी आहे. वहिनी, तुम्ही पदराने डोळे पुसलेत पण जागा सोडली नाहीत, तुमचा सर्वांत जास्त. माझ्या बोलण्यात जिथे चूक असेल तिथे लाल शाईने खूण करा, मी सुधारून आणीन. फक्त पान फाडू नका.

संस्कृती, कविता म्हटली नाही. शुक्रवारी म्हणेन. शेवटच्या बाकावर जागा धरून ठेव.