टिटवी ओळखणारं अ‍ॅप

अ‍ॅप सांगाची हौस मले किती, तुमाले माईतच आहे. सावली गावच्या माह्या सासऱ्यानं नवा फोन घेतला. तलावात जाळं टाकणारा माणूस. म्या तलावाच्या पाळीवर, बांधावर बसूनच एक अ‍ॅप टाकून देल्लं. म्हटलं, "मामाजी, हे पाखराचा आवाज आयकून नाव सांगते."

मामाजीनं तोंडाशी हात धरून टिटवीचा आवाज काढला. फोन म्हणे, टिटवी!

"पाह्यलं?" मी म्हटलं.

"नाव त सांगते, जवाईबुवा. पण बलावते का?"

त्याईनं पुन्हा आवाज देल्ला. शेताच्या धुऱ्यावरून दोन टिटव्या वरडत आमच्या डोक्यावरच आल्या! मी आ वासून वर पाहून राह्यलो.

मामाजी म्हणे, "इचारा आता फोनले, यातली मादी कोणती?"