वर्दीच्या आधी लागलेला बोर्ड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या हातची छडी मी खाल्ली आहे ते आमचे सुंदरराव गुरुजी, महिला बचत गटांच्या अध्यक्षा वनमालाताई, ज्यांच्या पुढाकाराने हा मांडव उभा राहिला ते विजयसिंहदादा, मंचावरचे इतर मान्यवर, माझा वर्गमित्र, माजी सैनिक बजरंग, नेकनूर आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून कामं टाकून आलेले शेतकरी आणि मेंढपाळ बांधव, माता-भगिनींनो, आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी आई सत्यभामा आणि पत्नी योगिता, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायची सवय नाही. मी जनावरांचा डॉक्टर. माझे पेशंट बोलत नाहीत आणि त्यांचे मालक मला बोलू देत नाहीत. त्यातून दादांनी हा फेटा असा आवळून बांधवला आहे, की माझ्याआधीच्या वक्त्यांनी माझं जे कौतुक केलं ते मला अर्धंच ऐकू आलं. जेवढं ऐकू आलं, तेवढ्यानेच मी जड झालो आहे.

हसलात, बरं वाटलं. कारण पुढे फार हसण्यासारखं नाही.

आधी एक छोटी दुरुस्ती करतो, दादांनी राग मानू नये. प्रास्ताविकात ते म्हणाले, आपले डॉक्टर सीमेवर चालले. तसं नाही. माझी निवड झाली आहे ती प्रादेशिक सेनेसाठी, म्हणजे ज्याला आपण टेरिटोरियल आर्मी म्हणतो. आपापला नोकरीधंदा करणारी माणसं त्यात अधिकारी होतात. दरवर्षी काही आठवडे प्रशिक्षण घ्यायचं, एरवी आपलं काम करायचं, आणि देशाला गरज पडली, बोलावणं आलं, की दवाखान्याला कुलूप लावून वर्दी घालायची. ते बोलावणं कधी येईल आणि किती दिवसांसाठी, हे कुणी सांगू शकत नाही. कधी येणारही नाही. आलं तर सीमासुद्धा आलीच. तेव्हा दादा अगदीच चुकले असंही नाही.

आता तुम्हाला वाटेल, चाळिशीला टेकलेल्या, म्हशींची वेतं करणाऱ्या माणसाला हे सुचलं कुठून? त्याचं श्रेय बजरंगला. बजरंग, मान खाली घालू नकोस, तुला उठवणार नाही.

दर पंधरा ऑगस्टला हायस्कूलच्या मैदानात झेंडावंदन होतं आणि गुरुजी मला पोरांपुढे बोलायला उभं करतात. मी दरवर्षी एकच सांगतो: पोरांनो, फौजेत जा, देशाची सेवा करा. टाळ्या पडतात. मागच्या वर्षी तिथून निघालो तो बजरंगच्या गोठ्यात गेलो. त्याच्या म्हशीची कास सुजली होती. मी खाली बसून कास दाबून बघतोय, आणि हा वर उभा राहून म्हणतो, "सोम्या, दरसाल पोरायला म्हन्तोस फौजेत जा, फौजेत जा. मंग तू कावून गेला न्हाईस बे?"

मी म्हणालो, "माझं शिक्षण चाललं होतं."

"आन माझं काय चाललं व्हतं? म्या काय शाळंला कट्टाळलो म्हनून गेलतो व्हय? भाषन करायला तुमी शिकलेले, आन जायला आमी. झ्याक हाय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो म्हशीला वैरण टाकत होता. पण मला ते लागलं. आठ-पंधरा दिवस जेवताना, गाडी चालवताना तेच. मग कुठंतरी वाचलं, की प्रादेशिक सेनेत स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांनाही घेतात आणि माझं वय अजून बसतंय. अर्ज करून टाकला. योगिता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिला प्रश्न विचारायची सवय. तिने मला एकच विचारलं, "तुम्हाला जायचंय, की न गेल्याबद्दल ऐकून घ्यायचं नाहीये?"

मी म्हणालो, दोन्ही एकच आहे.

ती म्हणाली, "नाही. पण घ्या परीक्षा देऊन."

लेखी परीक्षा झाली. मग पुण्याला मुलाखत. तिथं एक वयस्क अधिकारी होते, फार शांत. त्यांनी हिंदीत विचारलं, ते मी आपल्या भाषेत सांगतो. "डॉक्टर, तुमचं सगळं नीट चाललंय. मग आत्ताच का?" मी पाठ केलेलं उत्तर विसरलो आणि खरं बोलून गेलो. म्हणालो, साहेब, मी दरवर्षी दुसऱ्यांच्या पोरांना जायला सांगतो, म्हणून. ते म्हणाले, "हे यायचं कारण नाही. हे फार तर सांगणं थांबवायचं कारण आहे. निवड मंडळापुढे जाईपर्यंत दुसरं कारण शोधा."

त्यांनी तरीही मला पुढे पाठवलं. आणि खोटं कशाला बोलू, निवड मंडळाकडचे ते दिवस मला आवडले. माझ्यापेक्षा वयाने लहान असलेल्या पोरांबरोबर पळालो, दोरावर चढलो. आंघोळीला जाताना कुणी मला जनावराचं विचारत नव्हतं, कुणी उधारी सांगत नव्हतं. मला वाटलं, कारण सापडतंय. अजून पुरतं हातात आलेलं नाही, पण इथंच कुठंतरी आहे. वैद्यकीय तपासणी झाली, निवड झाली. रुजू होणार की नाही, हे कळवायला त्यांनी मुदत दिली. मी ठरवलं, ही मुदत पुरेपूर वापरायची. घरात बसायचं, योगिताशी बोलायचं, चकलांब्याला आईकडे जाऊन तिला नीट समजावून सांगायचं, आणि मग ठरवायचं.

पण निवडीची बातमी मी आईला सांगायच्या आत दादांना कळली. ते प्रेमाने दवाखान्यात आले. मी म्हणालो, "दादा, अजून ठरलं नाही."

दादा म्हणाले, "डॉक्टर, नाव आलं म्हंजी ठरलंच की! राहिलंय काय? मांडव सांगितलाय. तुमी फकस्त या."

"दादा, आईला अजून सांगितलं नाही."

"मग सांगा की. लई आनंद हुईल म्हातारीला."

दादांचा हेतू चांगला होता. आपल्याकडे कुणाचं भलं झालं की आधी बोर्ड लागतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी स्टँडसमोर बोर्ड लागला. कुठल्या तरी अधिकाऱ्याच्या फोटोवर माझा चेहरा बसवलेला. अंगात वर्दी, छातीवर पदकं. मी अजून एक दिवसाचंही प्रशिक्षण घेतलेलं नाही. खाली तीन ओळींत गावातल्या सगळ्या मान्यवरांचे हात जोडलेले फोटो.

योगायोग असा, की त्याच दिवशी माझी आई चकलांब्याहून आली. नातवंडांसाठी तूप घेऊन, बीडला गाडी बदलून, एकटी. आई लिहायला-वाचायला शिकलेली नाही. माझे वडील धोंडीराम मेंढरं राखायचे, वर्षातले आठ महिने हे दोघं रानोमाळ असायचे. ती गाडीतून उतरली आणि समोर बघितलं तर तिचा मुलगा. भला मोठा. सैनिकाच्या कपड्यात. आणि खाली अख्खं गाव हात जोडून उभं.

सैनिकाच्या कपड्यातला असा बोर्ड तिने आजवर कधी आणि कशासाठी लागलेला पाहिला असेल, हे मी इथं बोलून दाखवत नाही. आपल्या तालुक्यात कुठल्या घरांसमोर तसे बोर्ड लागले, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मी तेव्हा एका गाईच्या वेतात होतो. कोपरापर्यंत हात आत. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याचा फोन आला, गाईच्या मालकाने तो माझ्या कानाला लावला. "डॉक्टर, लवकर या, तुमची आई हितं खाली बसलीया. उठंना. बोलंना." वासरू बाहेर आल्याशिवाय मला निघता येत नव्हतं. तेवढा वेळ ती तिथं तशीच होती. मी तसाच, न धुतलेल्या हातांनी गेलो. तिने माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं, मग परत माझ्याकडे. म्हणाली, "तू हायेस?"

मी म्हणालो, आहे.

ती मला शिव्या देईल असं मला वाटलं. माझी आई शिव्या देण्यात कमी नाही. मी डॉक्टर झालो त्या दिवशीही बूट धुतले नाहीत म्हणून तिने मला चार माणसांत झापलं होतं. पण त्या दिवशी तिने माझे न धुतलेले हात तसेच धरले. तेव्हापासून आजपर्यंत ती मला एकदाही रागावलेली नाही. उशिरा आलो तरी नाही, ताटात टाकलं तरी नाही. मला आधी वाढते. मी जेवताना समोर बसून राहते. घरात पाहुणा असावा, आणि तो उद्या जायचा असावा, तसं.

मला ते सहन झालं नाही. परवा सकाळी तिच्यापाशी बसलो आणि म्हणालो, "आई, मी जात नाही. नको म्हणून कळवतो."

मला वाटलं ती मोकळी होईल. ती घाबरली. म्हणाली, "आता कसं न्हाई म्हन्तोस? बोर्ड लागलाय. बाया माझ्या पाया पडून गेल्या. मला लोक काय म्हन्तील?"

"मग तुला मी गेलेला चालेल?"

तर म्हणाली, "रडायचं ते म्या स्टँडावर रडून घेतलंय, लेका. आता तू न्हाई म्हनलास तर ते रडनं म्या कुठं ठिवू?"

मंडळी, मी पुष्कळ दुखणी बघितली आहेत. यावर काय द्यायचं हे मला कळलं नाही.

मघाशी वनमालाताईंनी आईला शाल दिली आणि तिचा उल्लेख 'वीरमाता' असा केला. ताई, तुमच्या मनात आदरच होता. पण तो शब्द आपण कुणाला लावतो, हे क्षणभर आठवून बघा. माझी आई तिथं मान डोलावत बसली होती.

तेव्हा ज्यासाठी मला इथं उभं केलंय, ते आता सांगून टाकतो. मी जाणार नाही. उद्या तसं कळवणार आहे.

बसा, दादा. थोडंच राहिलंय.

मला भीती वाटते म्हणून नाही, असं मी म्हणणार नाही. वाटते. पण भीती तर जाणाऱ्यांनाही वाटत असेल. बजरंगला वाटली होती, त्यानेच मला सांगितलं आहे. माझी निवड झाल्याचं कळल्यावर हा पळत आला होता आणि म्हणाला होता, "म्या चेष्टा केलती बे! तू खरंच फारम भरलास?" स्वतःचं कारण घेऊन या सेनेसाठी आलेले डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक मी निवडीच्या वेळी बघितले. त्यांच्यापुढे मी नम्र आहे. मीही माझं कारण शोधत होतो, आणि मिळालंही असतं कदाचित. पण बोर्ड लागल्यापासून मी स्वतःच्या मनात बघायला गेलो की मला तुम्हीच सगळे दिसता. त्यातलं माझं किती आणि तुमचं किती, हे आता मला वेगळं काढता येत नाही. उद्या बोलावणं आलं आणि माझ्या हाताखालच्या पोरांना मला पुढे न्यायची वेळ आली, तर मी त्यांना कशाच्या जोरावर नेणार? मांडव सांगितला होता, म्हणून?

गुरुजी, येत्या पंधरा ऑगस्टला दुसरा वक्ता बघावा, ही विनंती.

आई उठली. योगिता, असू दे, थांबवू नकोस. बजरंग, तिला जरा वाट करून दे. बाहेर ऊन आहे, तिच्या चपला मांडवाच्या मागच्या बाजूला आहेत. शाल खुर्चीवर राहिली आहे, राहू दे.

मंडळी, मला आता आटोपतं घेतलं पाहिजे. आपण सगळे आलात, गुरुजींनी अध्यक्षस्थान स्वीकारलं, दादांनी खर्च आणि धावपळ केली, त्यांचं मन मी चारचौघांत मोडलं. ज्यांनी सकाळपासून चुलीपुढे उभं राहून स्वयंपाक केला, त्यांचा मी सगळ्यात जास्त ऋणी आहे. जेवण तयार आहे. ज्या कारणाने ते केलं ते कारण उरलं नाही, तरी कुणी उपाशी जाऊ नये. उद्या दवाखाना नेहमीच्या वेळेला उघडेन. ज्याला माझ्याकडे जनावर आणावंसं वाटणार नाही, त्याचा मला राग येणार नाही. आपल्या मायेपुढे मी उणा पडलो. बोलताना कुणाला दुखावलं असेल, आणि दुखावलंच आहे, तर ते पदरात घ्या.

गुरुजी, अध्यक्षीय भाषणाला मी थांबू शकत नाही, त्याची वेगळी माफी मागतो. आई बीडच्या गाडीकडे निघाली आहे. ती गाडीत बसायच्या आत मला तिला गाठायचं आहे. काय बोलायचं, ते मला अजून माहीत नाही.