पाचवं नाव

फुमिए : हे चारच झाले. मासिकाच्या सुगिमोरीबाईंनी पाच मागितलेत.

तेत्सुरो : चारांत काय वाईट आहे?

फुमिए : मथळा ठरलाय त्यांचा. ‘अडतीस वर्षं गिन्झात बार चालवणाऱ्या होरिउचि मास्टरांच्या पसंतीचे तोक्योतले पाच कॉकटेल बार.’ पाच वाजता फोन येईल. ऐका, वाचून दाखवते. एक, युराकुचो, रेल्वेच्या पुलाखालचा.

तेत्सुरो : वरून गाडी गेली की ग्लास थरथरतात. म्हणून तो कधी काठोकाठ ओतत नाही. शहाणा माणूस.

फुमिए : ‘शहाणा’ लिहू?

तेत्सुरो : लिही. तो तसंही काही वाचत नाही.

फुमिए : दोन, आसाकुसाच्या मायलेकी. तीन, शिंजुकुचा फळवाल्याचा मुलगा.

तेत्सुरो : त्याच्याकडे पीच जुलैतच घ्यायचं, हे टाक. इतर महिन्यांत मागितलं तर तो सरळ नाही म्हणतो, आणि बरोबर करतो.

फुमिए : चार, युशिमा. इथे तुम्ही लिहिलंय, ‘फोटो काढू नये, मोठ्याने हसू नये, मालकाशी बोलू नये.’ मग माणसाने जायचं कशाला तिथे?

तेत्सुरो : मार्टिनी प्यायला.

फुमिए : खडूसपणात तुमचा सख्खा भाऊ शोभेल. बरं, पाचवं नाव मी सांगू?

तेत्सुरो : नको.

फुमिए : कागुराझाका. दुसरा मजला, सात खुर्च्या.

तेत्सुरो : नको म्हटलं ना? मी बर्फ तोडतोय. तू बोललीस की हात हलतो.

फुमिए : माझ्या बोलण्याने नाही, मनगटामुळे हलतो. डॉक्टरांनी गेल्या महिन्यातच सांगितलंय, शेकर हलवणं सोडा. डिसेंबरात दुकान बंद करायचं, हेही तुम्हीच ठरवलंत.

तेत्सुरो : त्याचा इथे काय संबंध?

फुमिए : मग तुमची ‘विसरलेली छत्री’ लोकांनी प्यायची कुठे?

तेत्सुरो : नाही प्यायची. जगात दुसरी कॉकटेल नाहीत का?

फुमिए : हे तोंडाने म्हणताय. काल झोपेत युझूचं लिंबू पिळत होतात. मी पाहिलं.

तेत्सुरो : काहीतरीच.

फुमिए : अकरा वर्षं चिनात्सु इथे तुमच्या शेजारी उभी राहून शिकली. ते पेय तुमच्यासारखं तिच्याशिवाय कुणाला जमत नाही. स्वतःचं दुकान काढून सहा वर्षं झाली पोरीला, तुम्ही एकदाही तिथे पाय ठेवला नाहीत.

तेत्सुरो : तिच्या यादीत एकशे बारा कॉकटेल आहेत. क्यूबाचं आहे, लंडनचं आहे, समुद्री शेवाळ घातलेलंसुद्धा आहे. अकरा वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याचं एकही नाही. हलकं वाटत असेल तिला. असू दे.

फुमिए : पाय ठेवला नाहीत, मग एकशे बारा कुणी मोजली?

तेत्सुरो : ते दाताचे डॉक्टर इमाई म्हणाले. सहज गेले होते.

फुमिए : कितीदा सहज?

तेत्सुरो : चारदा.

फुमिए : बिचारे. चला, कोट घाला. शनिवारी तिचं दुकान तीनलाच उघडतं.

तेत्सुरो : हे तुला कसं ठाऊक?

फुमिए : मीही सहज जाते. मैत्रिणींबरोबर.

तेत्सुरो : आणि मला बोलली नाहीस?

फुमिए : तुम्ही विचारलं नाहीत. आणि तुमच्या दोघांच्या कामातलं तुम्ही बघा, मी मध्ये पडत नाही. फक्त टॅक्सी बोलावते.

तेत्सुरो : मी काही समेट करायला येत नाहीये. जिथे प्यायलो नाही त्याचं नाव मी देत नाही, आणि जिथे प्यायलो नाही त्याला वाईटही म्हणत नाही. एवढ्यासाठीच येतोय.

फुमिए : हो, हो. उजवी बाही घाला आधी.

(तासाभराने. कागुराझाकातला सात खुर्च्यांचा बार, अजून रिकामा.)

चिनात्सु : या, या... मास्टर?

तेत्सुरो : इथली मास्टर तू. मी गिऱ्हाईक. कुठे बसू?

चिनात्सु : कुठेही. म्हणजे, टोकाला नको, तिथे वारा लागतो. मधल्या खुर्चीवर बसा. काकू, तुम्ही इथे.

फुमिए : अगं, हात पुसायला गरम टॉवेल तरी दे.

चिनात्सु : हो की. सहा वर्षांत आज पहिल्यांदा विसरले.

तेत्सुरो : जिन फिझ.

चिनात्सु : म्हणजे परीक्षाच. बारवाल्याचा हात यातच कळतो.

तेत्सुरो : तहान लागलीय म्हणून मागितलं.

फुमिए : घाबरू नकोस गं. टॅक्सीत ते तुझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. दोनदा टाय सारखा केला.

चिनात्सु : घ्या, मास्टर.

तेत्सुरो : बर्फ कोण तोडतं?

चिनात्सु : मीच. रोज दुपारी.

तेत्सुरो : दिसतंय.

फुमिए : चांगलं झालंय, असं म्हणताहेत ते.

तेत्सुरो : मी काय म्हणतो ते तिला कळतं. दुभाषी नकोय. आता एक विसरलेली छत्री दे.

चिनात्सु : ती... आमच्याकडे मिळत नाही.

तेत्सुरो : ऐकलंस, फुमिए? इमाईंना दिलेलंच उत्तर. चारही वेळा हेच.

चिनात्सु : इमाईसाहेबांना एवढंच म्हणत होते, कारण ते तुमच्याकडूनच आलेत हे कळत होतं. दंतवैद्य माणूस एकशे बारा नावं वहीत कशाला उतरवेल? नवख्या माणसाने मागितली की पुढचंही सांगते.

तेत्सुरो : पुढचं कोणतं?

चिनात्सु : ‘त्यासाठी तुम्हाला गिन्झाला होरिउचि मास्टरांकडे जावं लागेल.’ दारापर्यंत जाऊन रस्ता समजावते.

तेत्सुरो : थांब. नवी नवी माणसं येतात आणि बसल्या बसल्या थेट छत्री मागतात, ती तू पाठवलेली?

चिनात्सु : सांगत नाहीत का ते?

तेत्सुरो : गिऱ्हाईक कुठून आलं हे विचारायची आमच्यात रीत नाही. मला वाटलं, कुणीतरी कुठेतरी छापलं असेल.

फुमिए : सहा वर्षं यांना वाटतंय की आपली ख्याती पसरलीय.

तेत्सुरो : तू गप्प बस जरा. चिनात्सु, खरं सांग. पाठवत होतीस तर स्वतः का नाही केलंस? पाककृती तुला पाठ आहे.

चिनात्सु : पाठ असली म्हणून काय झालं? गुरूचं पेय शिष्याने मागायचं नसतं. गुरूने ‘घेऊन जा’ म्हणायचं असतं. पहिल्याच वर्षी तुम्ही हे शिकवलंत, ग्लास पुसायला शिकवायच्याही आधी.

तेत्सुरो : मी तर वाट बघत होतो की तू स्वतःहून यादीत घालशील. मग मी येईन, रागावल्यासारखं करीन आणि माफ करीन.

फुमिए : आणि हा बेत हिला कुणी सांगायचा होता? इमाईंनी?

चिनात्सु : दुकान सोडताना मी मुद्दाम दारात जोडे घालायला वेळ लावला. वाटलं, आता म्हणाल. तुम्ही म्हणालात, ‘जिना उतरताना जपून.’

तेत्सुरो : जिना वाईट आहे तो.

चिनात्सु : तुमच्या मास्टरांनी तुम्हाला दिलं होतं का हो काही?

तेत्सुरो : नाही. एक सुंदर पेय होतं त्यांचं, मनुका घातलेलं. मी मागितलं नाही, त्यांनी म्हटलं नाही. मग ते वारले. आज ते कुणालाच करता येत नाही. मला त्याची फार हळहळ वाटते.

फुमिए : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

तेत्सुरो : आत्ताच लक्षात आलं. चिनात्सु, मी डिसेंबरात दुकान बंद करतोय. मनगट गेलं.

चिनात्सु : डिसेंबरात? हा डिसेंबर?

तेत्सुरो : रडू नकोस, काउंटरवर पाणी पडतं. गिऱ्हाईक थांबलंय. छत्री दे.

चिनात्सु : देते.

फुमिए : हिचा हात बघा. सहा वर्षं केलं नाही असं वाटतं का?

तेत्सुरो : तेच बघतोय. कुणासाठी करत होतीस गं?

चिनात्सु : कुणासाठी नाही. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा एक करते. हात विसरू नये म्हणून. मग मोरीत ओतून देते.

फुमिए : ओतून? प्यायची ना.

चिनात्सु : परवानगी नव्हती, काकू. फक्त वास घ्यायची.

तेत्सुरो : तीनशे छत्र्या मोरीत. फुमिए, ऐकतेस? अशी वेडी माणसं मी तयार केली.

फुमिए : एकच केलीत, पण पुरेशी वेडी. प्या आधी.

तेत्सुरो : ...युझू जास्त झालंय.

चिनात्सु : तुमच्याकडे कमी पडायचं, मास्टर. अकरा वर्षं वाटत होतं, आज बोलले.

तेत्सुरो : हं. असंच बरं लागतंय.

फुमिए : फोन वाजतोय. सुगिमोरीबाईच. हॅलो? हो, पाच झाली. शेवटचं लिहून घ्या, कागुराझाका, वाकुई चिनात्सु. हो, आडनाव ‘वाकुई’च. यांच्या पसंतीचं कारण? काय हो, कारण काय सांगू?

तेत्सुरो : सांग, मी तिथे प्यायलो.

फुमिए : म्हणतात, प्यायले. नाही, ते एवढंच म्हणतात. ठेवते.

चिनात्सु : मास्टर, गिऱ्हाईक आलं. या, या, साहेब. बसा. काय देऊ?

नवं गिऱ्हाईक : ते आजोबा घेताहेत ना, तसं एक. काय म्हणतात त्याला?

चिनात्सु : विसरलेली छत्री. पण ती... त्यासाठी तुम्हाला गिन्झाला... मास्टर?

तेत्सुरो : गिन्झा लांब पडेल तुम्हाला, साहेब. इथेच घ्या.