उलटा डायोड

येरमाळ्याच्या बसस्थानकावर कळंबच्या गाडीची वाट पाहणाऱ्या निवेदिताच्या शेजारी एक बहीणभाऊ जळालेलं सर्किट मांडीवर घेऊन बसले होते. तिचं वर्तमानपत्र मिटलं ते मिटलंच.

“अबुजर, डायोडला कुणी हात लावला?”

“उलटा बसला होता, आपा. म्हटलं, घाईत चुकलीस. म्या सरळ केला.”

“अरे, तो उलटाच लावायचा असतोय! दिवा चालूबंद करणाऱ्या रिलेची कॉइल बंद झाली की उलटा झटका मारती. तो डायोडनं जिरवायचा.”

“बारा व्होल्टची बॅटरी कसला झटका मारती?”

“बॅटरी न्हाय, कॉइल. शंभराच्या वर जातंय व्होल्टेज.”

“मग सरळ केल्यावर का जळलं?”

“डायोड एकाच बाजूनं करंट सोडतोय. चालू करताच सगळा करंट कॉइल सोडून त्याच्यातनंच पळाला. ट्रान्झिस्टर गेला.”

“मला वाटलं, आजच बसवू. कुणी बेल दाबली की अम्मीच्या खोलीत दिवा लागंल.”

“मलाबी तेच वाटलं होतं.”

“रागावलीस?”

“लई. पण नवा ट्रान्झिस्टर आणू.”

“तवर अम्मी कडी लावायची न्हाय. कुणी आलं तर ऐकू येत न्हाय म्हणून दार उघडंच ठेवती.”

“व्हय. तवर तू दाराशी झोप.”

“अन् तू?”

“तुझ्या शेजारी. एकदा झोपलास की तुलाबी ऐकू येत न्हाय.”