पोत्यात गेलेला आवाज

"हॅलो?… हो, सगुणाच बोलतेय, दुसरी कोण असणार! बोल नितेश… काय?… परत सांग… विकलीस?"

हातातली परात सगुणाने ओट्यावर अशी आपटली की एकादशीचा भिजवलेला साबुदाणा फरशीभर उधळला.

"अरे, हार्ड डिस्क तुला नवीन डिस्कवर उतरवून घ्यायला दिली होती, भंगारात घालायला नाही!… हो, हो, डिस्क तुझ्याकडे आहे, कळलं. मग विकलंस काय?… खालची सर्किटची हिरवी पाटी? स्क्रू काढून?… दुकानातल्या सगळ्या मेलेल्या डिस्कच्या पाट्या काढत होतास, त्यात आपलीही गेली. वा रे वा!… थांब, मध्ये बोलू नकोस. मग दुसरी लाव ना… लावलीस? त्याच कंपनीची?… आणि?… नुसती गरगरते, उघडत नाही… का पण?… जिची पाटी तिलाच लागते? तिची खूण त्या पाटीवरच्या चिपमध्ये असते? आणि हे तुला आज कळलं! वाकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान थाटून बसलायस ते काय माशा मारायला?"

पलीकडून काहीतरी पुटपुटणं आलं. त्याने ती आणखीच भडकली.

"चुकून? मेल्या, आपल्याच बापाचा आवाज आहे रे तिच्यात! घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. जन्मभराच्या कीर्तनांतलं जे काही उरलंय ते तेवढ्या डबीत… हो, एकच कॉपी. म्हणून तर तुला दिली!… आज संध्याकाळी देवळात लावायचंय. सकाळपासून फेटा बांधून बसलेत बाबा, खुर्ची दाराकडे करून. काय सांगू त्यांना? तुमचा आवाज किलोवर गेला?"

खुर्चीतून बाबांनी मान वळवली. सगुणाने पाठ फिरवून आवाज खाली आणला, पण राग काही खाली येईना.

"रडू नकोस. आहेस कुठे आत्ता?… साकीनाक्याला, त्या भंगारवाल्या कुंडलिकशेठच्या गोदामात… पोती टेम्पोत चढतायत? मग माझ्याशी काय बोलत बसलायस, टेम्पोपुढे आडवा हो!… शेठ ओरडतोय? ओरडू दे. दे त्याला फोन… नको, राहू दे, आज उपासाच्या दिवशी माझ्या तोंडून नको ते निघेल. पोतं ओत म्हणावं… ओतलं?… हो, सगळ्या सारख्याच दिसणार. ऐक ना! खंडेनवमीला मी डिस्कची पूजा केली होती, हिरवी बाजू वर ठेवून… तेव्हा दात काढलेस ना? आता तोच टिळा शोध… काय? कितीतरी पाट्यांवर कुंकू आहे? अख्ख्या मुंबईच्या दुकानवाल्यांनी पूजा केलीय वाटतं!… अरे पण कुंकू नाही रे! बाबांचं कीर्तन ते. बुक्का लावला होता, त्यांच्याच डबीतला… काळा… धुळीने सगळंच काळं झालंय, हो हो… मग वास घे!… लाज कसली? विकताना वाटली नाही ती? एकेक उचल, नाकाला लाव. लहानपणी कीर्तन संपेपर्यंत बाबांच्या उपरण्यात तोंड खुपसून झोपायचास. तो वास विसरलास?"

आता फोनमध्ये नुसता पाट्यांचा खळखळाट.

"काय झालं?… शेठही हुंगतोय? हुंगू दे, पुण्य लागेल त्याला… नितेश?… सापडली?… बोल रे… वास आला? नक्की?… परत घे वास… अगदी तोच?… विठ्ठल, विठ्ठल… अरे शर्टाने पुसतोयस काय, गाढवा! पुसू नकोस! तशीच आण. आधी दुकानात लाव, बाबांचा आवाज मला फोनवर ऐकव, मगच घराकडे पाऊल टाक… नाही, माफ केलेलं नाही. माफी त्यांच्या पायाशी मागायची… आणि खिचडी नाही तुला!… हो, साबुदाणा फरशीवर आहे, तुझ्यामुळेच!… बरं, ये. वरी करते थोडी, उपाशी नको राहूस. ठेव आता, ठेव!"

फोन कट्ट्यावर टाकून ती वळली. बाबांना विचारता येत नव्हतं. त्यांनी फक्त फेट्याचं सुटलेलं टोक चाचपलं आणि पुन्हा नीट खोचून घेतलं.