घामाचा टॉवेल

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा घोटा टम्म सुजला होता.

"डॉक्टरांना एवढंच सांगायचं, धावताना पडलो."

"जिममध्ये ना?"

"नाही, रस्त्यावर."

"जिम सोडून रस्त्यावर कशाला धावत होतात?"

"हळू बोल गं. समोरून जिमचा ट्रेनर आला. त्याने मला हाक मारली."

"मग?"

"मग मी पळालो."

"अहो, तो काय वाघ आहे?"

"पहिला आठवडा सोडला, तर मी तिकडे फिरकलोच नाहीये."

"आणि रोज सकाळी बॅग घेऊन जायचात, ते?"

"बागेत पेपर वाचत बसायचो."

"पडल्यावर उचललं कुणी?"

"त्यानेच. वर म्हणतो कसा, काका, पळता की छान! हसू नकोस."

"हसत नाहीये मी. पण टॉवेल? तो तर घामाने चिंब असायचा."

"बागेतल्या नळाखाली भिजवायचो."



"तो टॉवेल मी रोज वेगळा काढून हाताने धुवायचे. म्हटलं, माणूस या वयात एवढा घाम गाळतोय."